उचलू नका, उतरा

१६ जून, सोमवार

आज पुन्हा इंदापूर, पुन्हा जिन्याखाली. (इथून पुढं जि.खा. लिहीन, हात भरून येतो.) ऑफिसचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की रोजनिशीसुद्धा सरकारी वाटायला लागते. बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडच्या अपंगांच्या तक्रारी ऐकणारा साहेब वरच्या मजल्यावर बसतो आणि वर जायला फक्त जिना. हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा डोळे भरून बघायचंय मला.

तिसरा सोमवार, म्हणजे सुनावणी. आम्ही चौघं. मी आणि हरी आपापल्या व्हीलचेअरवर, वाघमोडे आबा कुबड्यांवर, आणि लता तिच्या पांढऱ्या काठीसकट. आमची मागणी एकच, लिफ्ट. ती होईपर्यंत साहेबानं खाली येऊन आमचं ऐकायचं.

मारुती शिपाई नेहमीसारखा खाली आला आणि नेहमीसारखंच म्हणाला, "ताई, चला की. दोघं हिकडनं धरतो, दोघं तिकडनं. हां म्हणता वर."

मी म्हटलं, नको. मग हरीनं खुर्ची पुढं काढली आणि आवाज टाकला. "आमाला उचलू नका! तुमी उतरा!" काय आवाज आहे या माणसाचा. समोरचा चहावाला गाळणं हातात घेऊन बाहेर आला.

साहेब काही उतरले नाहीत. शेवटी लताच अर्ज घेऊन वर गेली आणि पोच घेऊन आली. तिला दिसत नाही, ती वर जाते. मला हायवेवरच्या ट्रकची पाटी इथून वाचता येते, मी खाली. लता म्हणाली, "वर पंखे नवे बसवलेत, ताई. आवाजच करत न्हाईत."

संजूनं टेंपोतून घरी, कन्हेरीला आणलं. धाकटा भाऊ, पण सोमवारी माझा ड्रायव्हर.


१९ जून

आज लॅबमध्ये नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, उचलून नेलं तर काय बिघडतं?" दुधाची बाटली हलवता हलवता, अगदी सहज. एमआयडीसीत डेअरीच्या लॅबमध्ये मी फॅट तपासते त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न दर वर्षी नवीन कुणीतरी आणतंच. चिडले नाही. सांगितलं तिला.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न, बारामतीत मोठं कार्यालय. स्टेज उंच. मामाच्या पोरांनी मला खुर्चीसकट वर घेतलं. आठ हात. एकाचा हात नको तिथं, पदर कुठला कुठं, पण वर "ताईला आणा, ताईला आणा" चाललेलं, म्हणून मी हसले. फोटो झाला. मग कुणीतरी म्हणालं, पंगत बसली. सगळे गेले. मंडपवाले आले. त्यांनी फुलं काढली, पडदे काढले, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आदरानं उचलून नेली. सतरंजी गुंडाळत गुंडाळत माझ्या चाकापर्यंत आले आणि थांबले. हाक मारायची लाज वाटली मला. नवी साडी नेसून हाक कशी मारायची? आईनं ताट वाढून घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, वैशाली कुठाय.

वर घ्यायला सगळे असतात. खाली आणायच्या वेळी कुणी नसतं. एवढंच बिघडतं, म्हटलं.

ती पोरगी बाटली हलवायची थांबली. मलाच नंतर वाईट वाटलं.

ही गोष्ट मी अशी पूर्ण फक्त हरीला सांगितली होती. तेव्हा तो दोन वर्षं घरात पडून होता. उसाच्या ट्रॉलीवरून पडून पाठीचा मणका गेला, वीस एकराचा मालक पोरगा, आणि भिंतीकडं तोंड. त्याची आई रडत म्हणाली, ह्याला बोलतं करा. मी जुनी खुर्ची घेऊन गेले, खाटेवरून खुर्चीत कसं सरकायचं ते माझं मीच करून दाखवलं. दहा वेळा. मग ही लग्नाची गोष्ट सांगितली, हसवायला म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, आपण त्यांना म्हणायचं, उचलू नका. तुमी उतरा." घोषणा तिथं झाली. त्याच्या खाटेवर.


२१ जुलै, सोमवार

उतरले!!

साहेब उतरले. स्वतःच्या पायांनी, मागं मारुती प्लास्टिकची खुर्ची घेऊन. जि.खा. बसले, आमच्यासमोर, चपलांच्या ढिगाशेजारी. सगळं ऐकलं. लिफ्टचा प्रस्ताव वर पाठवतो म्हणाले. आबांनी विचारलं, "वर म्हंजी किती वर, सायेब?" साहेबांनाही हसू आलं.

परत निघताना हरी माझ्या खुर्चीला खुर्ची लावून म्हणाला, "ताई, तू नसतीस तर मी अजून भिताड बघत बसलो असतो."

घरी आईनं खीर केली. मी म्हटलं, अजून लिफ्ट झाली नाही. आई म्हणाली, साहेब उतरला ना, मग खीर.


१० ऑगस्ट, रविवार

हरी जेवायला आला. त्याच्या चुलतभावाच्या गाडीतून. आमच्या घराला दारात उतार मी स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर बसून करून घेतलाय, त्यामुळे तो सरळ चुलीपर्यंत येतो. आईला म्हणाला, "मावशे, भाकरी तुमच्याच हातची." आईनं एक जास्तीची वाढली.

आज मात्र बेचैन वाटला. फोन सारखा वाजत होता, तो बाहेर जाऊन बोलत होता. कोण रे, म्हटलं. "कार्यकर्ते हायत. पाहुण्यांचे." पाहुणे म्हणजे तालुक्यातले मोठे नेते, सगळे त्यांना पाहुणेच म्हणतात. १८ तारखेला, सोमवारी, ऑफिसच्या वरच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन करायला येणार आहेत. मी म्हटलं, बरंच झालं, त्यांच्यासमोरच बसू आपण, तू बोल. तो म्हणाला, "व्हय, बोलतो की."

मग म्हणाला, "ताई, तुला कधी वाटतं का गं, वर काय असंल?"

लता म्हणते पंखे असतात, म्हटलं. तो हसला. आता लिहिताना वाटतंय, त्यानं ते नीट विचारलं होतं.


१८ ऑगस्ट, सोमवार

लिहू का नको.

लिहितेच.

आम्ही चौघं जिन्यासमोर. ठरलेलं असं, पाहुणे आले की हरी घोषणा देणार, मग बोलणार, आणि ते इथंच थांबून ऐकेपर्यंत जिना मोकळा करायचा नाही. रांगोळी, हार, पोलीस, सगळं होतं. पाहुणे गाडीतून उतरले आणि सरळ आमच्याकडं आले. वाकले. हरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय म्हणतोय आमचा हरिदास?"

नाव माहीत होतं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाचंच नाही, फक्त त्याचं.

हरीनं घोषणा दिली नाही. चार पोरं पुढं आली, गळ्यात उपरणी. "चला हरिभाऊ." त्यांनी खुर्ची धरली. मी म्हटलं, "हरी." एवढंच. त्यानं हातांनी खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट पकडले. मीच शिकवलंय त्याला, कुणी अचानक उचललं तर दांडे धरायचे.

नेलं त्याला. नवरदेवासारखं. कुणीतरी हरिभाऊंचा विजय असो केलं. वळणावर त्यानं एकदा खाली बघितलं. हसत होता.

लतानं माझा हात शोधला. "ताई, काय झालं? हरीचा आवाज वरनं कसा येतोय?"

आबा थुंकले आणि कुबड्या आपटत निघून गेले. मी तिथंच होते. लोक माझ्या बाजूनं वर जात होते आणि जाताना "जरा सरका ताई" म्हणत होते. सरकले मी.

एवढी फसवणूक आजवर कुणी केली नव्हती माझी. परक्यानं केली असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथं शिवी तोंडात येते आणि त्याची खाट आठवते, तो घामाघूम होऊन सरकायला शिकत होता ते आठवतं, मग शिवीही धड देता येत नाही.


१९ ऑगस्ट

पेपरात फोटो. हरी चौघांच्या हातांवर, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. खाली लिहिलंय, दिव्यांगांना सन्मानानं सभागृहात प्रवेश. जिना दिसतो फोटोत. कोपऱ्यात एक चाक दिसतंय, ते माझं आहे.

लॅबमध्ये सगळ्यांनी बघितला. चहा मात्र दोनदा आणून दिला.


२२ ऑगस्ट

तपासणी. दूध. घर. त्याचे फोन येतायत. उचलत नाही.


२४ ऑगस्ट, रविवार

भेटले शेवटी. बारामतीत, स्टँडच्या मागच्या चहाच्या टपरीवर, आमची नेहमीची जागा, कारण तिला पायरी नाही. तो आधीच येऊन बसला होता. चहा सांगितलेला. माझा बिनसाखरेचा, ते विसरला नव्हता.

"ताई, मी काय गुन्हा केला सांग."

मी म्हटलं, तुझी घोषणा काय होती?

"व्हती. पण खाली बसून कोण ऐकतंय? तो साहेब एकदा उतरला, परत आला का? मी वर गेलो, दहा मिनिटं बोललो, समद्यांनी ऐकलं. सल्लागार समितीवर घेतलंय मला. आता लिफ्ट आतनं मागतो."

मी म्हटलं, तू वर कसा गेलास ते त्यांनी बघितलं. तू काय बोललास ते कुणाच्या लक्षात राहणार आहे? आता ते म्हणतील, हरिभाऊ येतात की. मग तुम्हाला काय धाड भरली?

तो बराच वेळ कप फिरवत राहिला. मग हळू बोलला. "आठ वर्षं मी लोकांच्या पोटाकडं बघून बोलतोय, ताई. त्या दिवशी पयल्यांदा समद्यांच्या डोक्यावरनं बघितलं. ट्रॉलीवर बसल्यावर दिसायचं ना, तसं. तुला न्हाय कळायचं. तू कधी उभीच न्हवतीस."

हे तो बोलला. माझ्याशी.

पोलिओ झाला तेव्हा मी चालायला लागले होते, असं आई सांगते. मला आठवत नाही, म्हणून मी कधी कुणाला ते सांगत नाही. त्यालाही सांगितलं नाही. चहा तसाच ठेवला आणि निघाले. मागून "ताई, ताई" करत होता. खडीवर त्याची चाकं फसतात, माझी फसत नाहीत, इतक्या वर्षांची सवय.

घरी आल्यावर रडले. आईनं विचारलं तर म्हटलं, कांदा. कांदा आईच चिरत होती.


८ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसातून निरोप आला होता, म्हणून अर्धी रजा टाकून इंदापूर. भवानीनगरपासून पुढं रस्ता खणलाय, संजू शिव्या देत आला.

जि.खा. एक नवीन वस्तू. लोखंडी खुर्ची, पिवळी रंगवलेली, चार बाजूंना चार दांडे वेल्डिंग केलेले, धरायला. पाठीवर काळ्या अक्षरांत "दिव्यांग सुविधा". रंग अजून ओला होता. मारुती अभिमानानं म्हणाला, "ताई, आता समद्यांची कायमची सोय. चौघांची ड्युटी लावलीय." आणि साहेबांचं उत्तर हातात दिलं. उचलून नेण्याची कायम व्यवस्था केल्यामुळं लिफ्टची आवश्यकता वाटत नाही, समितीच्या संमतीनं.

मी विचारलं, समितीत कुणाच्या संमतीनं?

"हरिभाऊंच्या. ते सवता बसून गेले की हिच्यात. म्हनले, मस्त हाय."

मी त्या खुर्चीला हात लावून बघितला. बोटाला पिवळा रंग लागला, घरी येऊन रॉकेलनं काढला. अजून नखात आहे.

मारुतीवर राग नाही माझा. तो बिचारा खरंच खूश होता. त्याची कंबर दुखते, आता दांडे आहेत म्हणून खूश होता.

म्हटलं, ह्यावर वरिष्ठांकडं दाद मागायची आहे. तर कळलं, पुण्याहून मोठ्या मॅडम पुढच्या सोमवारीच येतायत, शेवटचा निर्णय त्याच देतील. सुनावणी कुठं? वर, नव्या सभागृहात. तक्रारदार हजर नसेल तर प्रकरण बंद.

तक्रारदार मी.


१२ सप्टेंबर

आबांचा फोन. "पोरी, मी येत न्हाय सोमवारी. दमलो. आपलाच माणूस तिकडं बसल्यावर कुणाला बोंबलून सांगायचं?" त्यांना काय म्हणणार. त्यांच्या कुबडीचं रबर झिजलंय, ते तरी बदला म्हटलं.

संजूचं म्हणणं, ताई, एक दिवस बस त्या खुर्चीत. वर जा, भांड, लिफ्ट मिळव, मग नको बसूस परत. बरोबरच आहे त्याचं. रात्रभर तेच डोक्यात. पण मॅडमच्या डोळ्यांसमोर मी त्या पिवळ्या खुर्चीतून वर गेले, तर मग लिफ्ट कशाला मागायची? मीच पुरावा होणार, सोय चालते म्हणून. आणि नाही गेले तर गैरहजर.

हे असं कोंडून त्यांनी नाही ठेवलं मला. त्यांना एवढं सुचलं नसतं. हरीनं ठेवलं.


१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळ

निघतोय. आईनं निळी साडी काढून दिली. लता बारामतीतून बरोबर येते आहे. ठरलं नाही अजून. तिथं गेल्यावर ठरेल.


१५ सप्टेंबर. दुपार, जि.खा.

इथंच बसून लिहितेय, वही मांडीवर. अक्षर वाईट येतंय.

नाही बसले. मारुतीनं खुर्ची पुसून पुढं केली, चौघं उभे राहिले ड्युटीसारखे, आणि मी म्हटलं, नाही. मॅडमना म्हणावं, तक्रारदार खाली आहे. उतरा. लताला वर पाठवलं, काय चाललंय ते कळावं म्हणून.

हरी माझ्या आधीच वर गेला होता. त्याची खुर्ची खाली ठेवलेली होती, दुमडून, माझ्यासमोर. म्हणजे पिवळीतून गेला.

वरून माझं नाव पुकारलं. मी खालून ओरडले, "हजर!" त्यांनी परत पुकारलं. मी परत ओरडले. आवाज फुटला माझा, हरीसारखा नाही माझा आवाज. वर खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग दार लावलं. ए.सी. असेल.

बऱ्याच वेळानं लता खाली आली. कठडा धरून, सावकाश. तिचा चेहरा बघूनच कळलं. म्हटलं, सांग.

मॅडमनी विचारलं, तक्रारदार का येत नाहीत? साहेब म्हणाले, व्यवस्था आहे, त्यांची तयारी नाही. मॅडम म्हणाल्या, समितीचे सदस्य ओळखतात ना त्यांना? हरीला विचारलं. हरी म्हणाला, "वैशालीताईंचा स्वभाव हट्टी हाय, मॅडम."

लतानं त्याच्याच आवाजात सांगितलं. तिला सगळ्यांचे आवाज काढता येतात. नको होतं काढायला.

वैशालीताईंचा. मी त्याची ताई होते नुसती. "तू" म्हणायचा मला.

मॅडम म्हणाल्या, जेवणानंतर निर्णय सांगते.

मग दार उघडलं आणि सगळे उतरले. मॅडम, साहेब, समितीची माणसं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, थांबल्या, काहीतरी विचारणार होत्या. साहेब म्हणाले, मॅडम, ताटं वाढलीत. गाड्या हायवेकडं गेल्या, ढाब्यावर. मारुती आणि ड्युटीवाले चौघंही मागच्या जीपमध्ये. वाढायला लागतात ना माणसं.

सगळं शांत झालं. चहावाल्यानंही फळ्या लावल्या, जेवायची वेळ. संजू टेंपोत पाय पसरून झोपलाय.

आणि वरून आवाज आला, "मारुती?"

मी वर बघितलं.

"आरं मारुती? कोण हाय का खाली?"

लता माझ्याकडं तोंड करून बसली. तिला कळलंच होतं. मला जरा उशिरा कळलं, समोर दुमडलेली त्याची खुर्ची बघितल्यावर. त्याला पिवळीतून वर नेला, सभागृहातल्या साध्या खुर्चीवर बसवला, पिवळी माझ्यासाठी खाली आणली, आणि मग सगळे जेवायला गेले. त्याला चाकंच नाहीत तिथं.

हसू यायला पाहिजे होतं. आलंही, घशापर्यंत. मग स्टेज आठवलं आणि ती सतरंजी.

"ताई?" "ताई, तू हायस ना खाली?"

म्हटलं, हाय.

"समदे गेले?"

गेले. जेवायला.

पंखे खरंच आवाज करत नाहीत, त्याचा श्वास ऐकू आला असता असं वाटत होतं. मग हळूच, "ताई, पिशवी भरलीय."

लघवीची पिशवी. मणका गेलेल्या माणसाला ती भरून चालत नाही, ताप चढतो, एकदा त्यातून तो मरता मरता वाचलाय. मला हे माहीत आहे कारण दवाखान्यात त्याच्याबरोबर मी होते.

संजूला उठवलं. तो डोळे चोळत आला. वर बघून म्हणाला, "मी आन् तो चहावाला मिळून आणतो की खाली. पिवळी हायच."

मी म्हटलं, वर जा, पिशवी रिकामी कर, हात धू, पाणी पाज त्याला. उचलायचं मात्र नाही.

"आगं पण ताई—"

उचलायचं नाही, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. वर ऐकू जावं म्हणूनच.

हरीनं ऐकलं.

हे मी सूड म्हणून करतेय का? मघापासून स्वतःला विचारतेय. थोडं आहे, खोटं कशाला लिहू. मला त्याला तिथं बघायचं होतं, सगळे गेल्यावर, एकदा. पण तेवढंच नाही. त्याला आम्ही उचलून खाली आणला तर मॅडम जेवून येतील, जिना रिकामा, पिवळी जागेवर, आणि व्यवस्था उत्तम. माफ केलेलं नाही. ते इथं लिहून ठेवते, नंतर मलाच शंका नको. हट्टी म्हणाला मला, आणि मी त्याच्या खाटेजवळ बसलेली असताना तो मला काय म्हणाला होता तेही मला पाठ आहे. दोन्ही एकाच तोंडातलं आहे.

संजू परत आला. म्हणाला, झालं. मग म्हणाला, "रडतोय तो."

त्याला म्हटलं, टेंपो काढ. ढाब्यावर जा. साहेबांना नको, मॅडमनाच सांग. सगळ्यांसमोर सांग, ताटावर बसलेल्या असल्या तरी. म्हणावं, ऑफिसात दोन माणसं अडकलीत. एक वर, एक खाली. तुम्ही येऊन बघा.

संजू गेला. लताही त्याच्याबरोबर गेली, साक्षीला. आता आम्ही दोघंच.

वर जायचा तो जिना मी नीट बघितला. इतक्या वेळा आले, पण आजवर रागानंच बघितला. कठड्याला नवा रंग दिलाय, उद्घाटनाचा. वळणावर खिडकी आहे, तिच्यातून ऊन खालच्या पायऱ्यांवर पडलंय.

"ताई."

काय?

"ते समदं मी काय मुद्दाम..." थांबला. परत, "त्यांनी मला इच्यारलं तवा..." परत थांबला.

मी म्हटलं, "हरी, मॅडम येतील आत्ता. त्या आल्या की तू घोषणा देशील का?"

वर खुर्ची करकरली, तेवढंच.

रस्त्यावर गाड्यांचे आवाज येतायत. आमच्या आहेत का हायवेच्या, कळत नाही.

आत्ता परत त्याचा आवाज. अगदी खालच्या पट्टीत, खाटेवर असताना बोलायचा तसा.

"ताई, तू जाणार न्हाईस ना?"

मी दोन्ही चाकांना ब्रेक लावून बसले आहे.